डावी बाही

रफूवालीचा नवरा बस चालवायचा, आणि त्याच्या कोटाची डावी बाही सारखी विरायची. उजवी नाही हं, डावीच. दंडावर, खांद्याच्या वीतभर खाली, कापड आधी चकाकायचं, मग धागे सुटायचे, मग बोट जाईल एवढं भोक. डेपोने दिलेला कोट चांगला दणकट होता, बाकी कुठे शिवणसुद्धा सैल झाली नव्हती. पण डावी बाही काही धड राहायची नाही.

ती रफू करायची. आणि तिचा रफू म्हणजे काय विचारता! लोक लग्नातले सूट, आईच्या आठवणीची शाल, सिगारेटने जळलेली पँट असं काय काय घेऊन तिच्या दुकानात यायचे. कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागा काढून त्याच धाग्याने ती भोक भरायची, आणि काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देऊन म्हणायची, "दाखवा बघू, कुठे फाटलं होतं?" गिऱ्हाईक बिचारं उजेडात धरून, उलटंसुलटं करून शेवटी हात टेकायचं. मग ती गालातल्या गालात हसायची. रफूवाली हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं होतं, आणि तिला ते आवडायचं.

पण नवऱ्याच्या बाहीचं ती कोणाजवळ काढत नव्हती, कारण बाही का विरते ते तिला ठाऊक होतं. दाराच्या चौकटी. घरातल्या प्रत्येक चौकटीला तो डावा दंड घासून जायचा आणि त्याला त्याचा पत्ताच नसायचा. टेबलावर डावीकडे पेला ठेवला की आडवा झालाच म्हणून समजा. डावीकडून ती बोलायला गेली की दचकायचा, "अगं, कुठून उगवलीस?" म्हणायचा. समोरचं मात्र लख्ख दिसायचं. डेपोत वर्षातून एकदा डोळे तपासायचे, तेव्हा भिंतीवरच्या पाटीतली शेवटची ओळ तो घडाघडा वाचून यायचा आणि घरी येऊन फुशारकी मारायचा, "या वयात, बिनचष्म्याचा!"

आता कोणी म्हणेल, बाई गं, मग बोलायचं ना! तोंडाला काय कुलूप होतं? बोलणं सोपं असतं हो, दुसऱ्याच्या घरातलं तर फारच सोपं. तिने काय काय करून पाहिलं ते कोण विचारणार? पेले उजवीकडे ठेवायला लागली. डावीकडचं स्टूल हलवलं. रस्त्याने चालताना त्याच्या डाव्या हाताला चालायची, आणि त्याला वाटायचं, या वयातही बायको चिकटून चालते. बिचारा खूश व्हायचा.

बोलली नाही त्याचं खरं कारण होतं ते कंबरेचं दुखणं. काही वर्षांपूर्वी ड्रायव्हरची कंबर धरली होती आणि डेपोने त्याला घरी बसवलं होतं. तेव्हा तो खिडकीत बसून जाणाऱ्या बस बघायचा. "हा बघ, उशिरा सुटला. हा बघ, वळणावर ब्रेक किती जोरात मारला." जेवायचा नाही, झोपायचा नाही, एक शब्द विचारला तर अंगावर यायचा. घरात माणूस आहे की अडगळ आहे, कळेना. एकदा तिला म्हणाला होता, "मला गाडीवरून उतरवलं ना, तर मी असाच भिंतीकडे बघत मरेन." माणसं बोलतात तसं बोलला, पण तिच्या काळजात ते जे रुतलं ते रुतलंच.

त्याच कंबरेपायी ती दोघं नाचाला लागली. व्यायाम सांगणाऱ्या बाईने बजावलं होतं, चाला, हला, नाहीतर कंबर दगड होईल. एकट्याने चालायचा त्याला कंटाळा. मग पोस्टात काम करणाऱ्या ताईंनी सांगितलं, "दर गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये आमचा स्विंगचा वर्ग असतो, जोडीने करायचा विलायती नाच. या की दोघं." स्विंग म्हणजे काय हे त्या दोघांच्या सात पिढ्यांत कोणाला माहीत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "मी? आणि नाच? लोक तिकीट काढून हसतील!" तरी गेला. पहिल्या दिवशी तिच्या पायावर पाय देऊन देऊन त्याने तिच्या बोटांचा पार भुगा केला.

पण हळूहळू जमलं. अहो, जमलं म्हणजे काय, चटकच लागली. कंबर सुटली. सुया ओवून ओवून तिची मान आखडायची, ती मोकळी झाली. गुरुवारी रात्री तो लहान मुलासारखा झोपायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघांना एकमेकांचा हात धरायला निमित्त मिळालं. मुलगी सासरी गेल्यापासून घरी बोलायला विषय उरले नव्हते. आता वर्गातली माणसं होती, चुकलेली पावलं होती, कोण कोणाच्या अंगावर पडलं त्याची चेष्टा होती. वर्ग संपणारा नव्हता, परीक्षा-बिरिक्षा नव्हती. वर्षानुवर्षं चाललेला, कोणी यायचं, कोणी जायचं, बरेचसे टिकायचे. तिथे ड्रायव्हर सगळ्यांचा 'ड्रायव्हरभाऊ' होता आणि ती 'वहिनी'.

वर्गाचे सर दिवसा कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावायचे आणि गुरुवारी संध्याकाळी नुसता पाऱ्यासारखा माणूस व्हायचे. त्यांचा एक नियम होता. पुरुष गोलात आपापल्या जागी उभे राहायचे, आणि थोडा वेळ नाचून झालं की सर टाळी वाजवून ओरडायचे, "बदला!" की बायकांनी एकेक जागा पुढे सरकायचं. आपल्याच नवऱ्याला धरून बसायचं नाही. त्यामुळे प्रत्येक बाई प्रत्येक पुरुषाबरोबर नाचायची, आणि कोणाचा हात कसा, कोण घाई करतो, कोणाला आज बरं नाही, हे न बोलता सगळ्यांना कळायचं.

आणि दुसरा नियम असा, की पुरुष डाव्या हाताने बाईचा हात धरून तिला आपल्यापासून लांब, गोलाबाहेर सोडतो तेव्हा ती मागे न बघता जाते. मागे जागा आहे का, कोणी येतंय का, हे बघायचं काम त्याचं. तिने फक्त भरवसा ठेवायचा. सर म्हणायचे, "बायकांनो, मान वळवायची नाही! तुमचे डोळे त्याच्याकडे आहेत असं समजा."

डाव्या हाताने, डाव्या बाजूला. रफूवालीला हे लगेच उमगलं. पण ती काय बाई होती! तिने इथेही रफू घातला. त्याने बाहेर सोडलं की ती खांद्यावरून एक चोरटी नजर मागे टाकायची, कोणी जवळ असलं तर पाऊल आखूड करायची, नाहीतर त्याच्या बोटांना असा हलका ओढा द्यायची की त्याला वाटावं आपणच तिला आवरलं. आणि ती दुसऱ्या पुरुषाकडे सरकली की जीव मुठीत धरून एक डोळा नवऱ्यावर ठेवायची. पण नवल असं, की कधी कोणाला धक्का लागला नाही. देव पाठीशी आहे, असं तिने मानून घेतलं.

मग ती पार्लरवाली आली.

पोरगी नवीनच होती. दिवसभर उभी राहून लोकांचे केस कापायची, पाय दुखतात म्हणून कोणीतरी तिला इकडे पाठवलं होतं. भारी लाजरी. सरांनी सांगितलेलं शब्दन् शब्द पाळायची. मान वळवायची नाही म्हटलं की तिची मान जागची हलायची नाही. सरांनी टाळी वाजवली, "बदला!", आणि ती ड्रायव्हरसमोर येऊन उभी राहिली. रफूवाली तेव्हा पुढच्या माणसाच्या हातात होती. तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला, "घाबरू नकोस बाळ. हात सैल सोड. मी बघतो मागचं."

त्याने तिला बाहेर सोडलं. डावीकडे कोणीतरी बुटाची नाडी बांधायला लोखंडी बाक पुढे ओढून घेतलं होतं आणि तसंच टाकलं होतं. पोरगी भरवशाने, पूर्ण जोराने मागे गेली, बाकाला अडखळली आणि हातावर पडली. तिच्या किंकाळीने गाणं बंद झालं.

मनगट मुरगळलं होतं. बघता बघता सुजून टम्म झालं. सगळे धावले, कोणी बर्फ आणा म्हणालं, कोणी रुमाल बांधला. वर्गात एक दातांची डॉक्टर होती, तिने हात तपासून हाड मोडलेलं दिसत नाही असं सांगितलं. आणि मग सुरू झालं. "नवीन आहे ना, पाय अडकला." "हात नीट धरला नसेल." सरसुद्धा म्हणाले, "नव्यांनी छोटी पावलं टाकायची असतात, मी नेहमी सांगतो." पोरगी रडत रडत मान हलवत होती, "हो, माझंच चुकलं."

रफूवाली तिथेच उभी होती. तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, की नाही, हिचं काही चुकलं नाही. तिने ते गिळलं.

दोघं घरी निघाली. ती त्याच्या डाव्या हाताला चालत होती. कोपऱ्यावरचा दिवा ओलांडल्यावर तो थांबला. "खरं सांग. माझं चुकलं का तिथे?"

"छे हो! ती घाबरली आणि भलतीकडेच गेली. तुम्ही काय करणार?"

"नक्की?"

"तुम्ही कधी कोणाला पाडलंय का आजवर?"

त्याने मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की तिला चमत्कारिक वाटलं. पण तिने विचार केला नाही. घरी आल्यावर कोट खुंटीवरून काढून बाही बघितली. पुन्हा विरली होती. तिने सुई ओवली आणि पुन्हा रफू घालायला बसली.

पुढचा गुरुवार उजाडला. रफूवाली बुटं बदलायच्या बाकावर बसली होती, शेजारी पोस्टातल्या ताई. ताईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नका. पोरीला माहीत नव्हतं, म्हणून झालं. आम्ही सांभाळतोच की भाऊंना."

"सांभाळता म्हणजे?"

"अहो, त्यांची डावी बाजू. आम्ही मागे बघून घेतो. तुम्ही बघता तसंच."

रफूवालीच्या हातातली नाडी सुटली. "आम्ही म्हणजे कोण कोण?"

"सगळ्याच," ताई म्हणाल्या. जणू काही विशेष नाही. "कोणी कोणाला सांगितलं नाही हो, हाताला कळतंच ना. एवढा सज्जन माणूस. त्यांना कशाला दुखवायचं?"

तेवढ्यात दारातून पार्लरवाली आली. मनगटाला पट्टा, हात गळ्यात अडकवलेला. नाचायला नव्हे, नुसतीच आली होती. सरळ ड्रायव्हरकडे गेली आणि म्हणाली, "काका, सॉरी हं. त्या दिवशी माझ्यामुळे तुम्हाला किती ओशाळल्यासारखं झालं."

"असू दे गं बाळ," ड्रायव्हर म्हणाला. "कामावर जातेस का?"

"कशी जाणार? कात्रीच धरता येत नाही. मालकीणबाईंनी दुसरीला घेतलंय तोवर."

ती एका हाताने ओढणी सावरत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. रफूवालीकडे बघून हसली, "काकू, बऱ्या आहात ना?" रफूवालीला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. हात या पोरीचा गेला, रोजी या पोरीची गेली, आणि माफीही हिनेच मागायची! आणि आपण तोंड शिवून बसलोय.

"आज माझा गुडघा दुखतोय," ती सरांना म्हणाली, आणि नाचायला उठलीच नाही.

इतक्या वर्षांत तिने वर्ग बाहेरून कधी बघितला नव्हता. गोल धरला गेला, गाणं लागलं, आणि ती बघत राहिली. ताई ड्रायव्हरसमोर आल्या. त्याने सोडलं, ताईंनी खांद्यावरून मागे बघितलं. "बदला!" दातांची डॉक्टर आली. तिनेही बघितलं. मग शाळेतल्या बाई, मग एक जाडगेली आजी, मग किराणा दुकानवाल्याची बायको. दुसऱ्या कोणा पुरुषाबरोबर नाचताना एकीचीही मान वळत नव्हती. ड्रायव्हरसमोर आलं की वळायची, आणि पुढच्या माणसाकडे गेलं की पुन्हा सरळ. आणि तो, मध्ये उभा, घामाघूम, हसत, आपण किती छान नाचतोय या आनंदात.

गाणं थांबलं तसा तो पाणी प्यायला आला आणि तिच्याशेजारी धपकन बसला. चेहरा कसा उजळला होता.

"बघितलंस? एकीला धक्का लागला नाही!"

"हो," ती म्हणाली.

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आता तुला सांगायला हरकत नाही. मला गेलं वर्षभर धास्ती होती. डाव्या डोळ्याची. बसचा आरसा घासला होता बघ, कोणीतरी घासून गेला म्हणालो होतो, तो मीच घासला होता. एकदा एक सायकलवाला एकदम समोर आला, कुठून आला कळलंच नाही. माझी तर पाचावर धारण बसली होती."

रफूवालीने पार्लरवालीकडे बघितलं.

"मग मी काय ठरवलं माहितीये? गुरुवार. इथे हे एवढे लोक, एवढ्या बायका, सगळ्या पाठमोऱ्या, सगळ्या माझ्या डावीकडे. डोळा गेला असेल तर इथे पहिला कळेल. म्हणून दर गुरुवारी मी बघतो, धक्का लागला का? नाही लागला की शुक्रवारी निश्चिंत बस काढतो. डॉक्टर खोटं बोलेल, डेपो खोटं बोलेल, पण इथे अंगाला अंग लागतं, इथे कोण खोटं बोलणार?" तो हसला. "त्या दिवशी ही पडली तेव्हा माझा जीवच गेला होता. पण तू म्हणालीस ना, तिचंच चुकलं. आणि आज पुन्हा बघितलं, सगळं ठीक."

"अहो..."

"थांब, अजून आहे. सोमवारपासून मला शाळेची फेरी मिळतेय. सगळी बच्चेकंपनी! साहेब म्हणाले, एवढ्या वर्षांत एक अपघात नाही, मुलं तुमच्याच हातात देतो."

सरांनी टाळी वाजवली. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, "गुडघा बरा असला तर ये गं," म्हणाला आणि गोलात गेला.

रफूवाली बसून राहिली. तिच्या मनात काय काय आलं म्हणून सांगू! खिडकी आली, जाणाऱ्या बस आल्या, भिंतीकडे तोंड करून बसलेला तो आला. मग त्या फेरीतली मुलं आली. बसमधून उतरून, दप्तर सावरत, डावीकडून पुढे पळणारी. त्यांना कोणी शिकवलं होतं, की या काकांसमोर जरा मागे वळून बघा? तिच्या शेजारी पार्लरवाली पट्ट्यातली बोटं चोळत बसली होती.

ती उठली. भिंतीच्या कडेने गेली, आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूने त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. एरवी ती खाकरायची, नाहीतर वळसा घालून उजवीकडून यायची. आज आली ती तशीच उभी राहिली, हात लांबवला तर त्याच्या बाहीला लागेल एवढ्या अंतरावर.

ड्रायव्हर बाकाकडे बघत होता. मग दाराकडे बघितलं. मग उजवीकडे ताईंना विचारलं, "आमची मंडळी कुठे गेली हो? आत्ता तर बसली होती."

ताईंनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. रफूवालीने मान हलवली, नको. ताईंचं तोंड तसंच राहिलं.

"पळाली वाटतं," ड्रायव्हर हसला. कोणी हसलं नाही. दातांची डॉक्टर खाली बघायला लागली. सरांचा हात टाळी वाजवायला वर गेला होता, तो तिथेच थांबला. ड्रायव्हरचं हसू हळूहळू उतरलं. "काय झालं? सगळे असे का बघताय?"

"मी इथे आहे," रफूवाली म्हणाली.

तो दचकून वळला. पूर्ण मान वळवली तेव्हा कुठे ती त्याला दिसली. त्याने तिच्या पायांकडे बघितलं, आपल्या बाहीकडे बघितलं, मधल्या त्या टीचभर जागेकडे बघितलं.

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. "वर्षभर दिसत नाहीये. मला माहीत होतं. घरी मी सांभाळून घेत होते, इथेही घेत होते. त्या पोरीचं काही चुकलं नव्हतं. मी खोटं बोलले."

"पण इथे धक्का..." तो म्हणाला. "इथे कोणाला धक्का लागत नाही."

"लागत नाही, कारण तुमच्यासमोर आल्यावर या सगळ्या मागे वळून बघतात."

त्याने गोलातल्या एकेकीकडे बघितलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "भाऊ, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." डॉक्टर म्हणाली, "मी दातांची डॉक्टर, मला वाटलं डोळ्यांबद्दल मी कशाला बोलू." जाडगेली आजी पदराने तोंड पुसत होती. सगळ्या भल्या बाया, आणि सगळ्यांनी मिळून त्याला कुठे नेऊन सोडलं होतं! ते आता त्यांचं त्यांनाच कळलं होतं, चेहऱ्यांवर दिसत होतं.

रफूवालीला वाटलं, हा आता ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गोलातून निघाला आणि बाकाशी गेला, पार्लरवालीसमोर वाकला. पोरगी घाबरून उभी राहिली.

"बाळ, माफी मी मागायची होती," तो म्हणाला. "एवढ्या जणींत तू एकटीच खरी नाचलीस."

मग तो खुंटीवर अडकवलेला आपला डेपोचा कोट घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेला. ती मागोमाग गेली, पण दारातच थांबली. तो फोनवर बोलत होता, डेपोतल्या साहेबांशी. आवाज अगदी साधा होता. "हो साहेब. शाळेची नको. कुठलीच नको. उद्याही नाही. डोळा दाखवायचाय." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही साहेब, उतरवा मला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

व्हरांड्यात बाकावर तो बसला, कोट मांडीवर. तीही बसली, या वेळी उजवीकडे, दिसेल अशी. आत सर हळू आवाजात काहीतरी सांगत होते. गाणं पुन्हा लागलं नव्हतं.

"बाही किती वेळा फाटली?" त्याने विचारलं.

"फाटतच होती."

त्याने डावी बाही उचलली आणि अंगठ्याने दंडावरचं कापड चाचपलं. वर, खाली, आडवं. पुन्हा चाचपलं. दिव्याखाली धरून बघितलं. "कुठे आहे रफू? मला सापडत नाही."

"सापडू नये असाच घातलाय," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

त्याने तिला रडू दिलं. खिडकीतल्या त्या दिवसांची भीती त्याच्याही चेहऱ्यावर होती, ती तिला स्पष्ट दिसली, आणि यावर घालायला तिच्याकडे कसलाही धागा नव्हता. तिचं रडणं ओसरल्यावर त्याने कोट तिच्या मांडीवर ठेवला.

"उसव," तो म्हणाला.

"अहो, आत्ता?"

"आत्ता. सगळा उसव. मला बघायचंय केवढं भोक आहे."

तिने पर्समधली छोटी कात्री काढली, कोट उजेडाकडे वळवला, आणि आपल्याच हाताचा पहिला टाका शोधायला लागली.